पळायच्या दिवसाची भाकरी

बेळगावातल्या वडगावच्या सरकारी शाळेत बायाक्का पोरांचं बिसिऊट रांधायची, म्हणजे दुपारचं गरम जेवण. दीडेकशे पोरांचा भात आणि सांबार तिनं कधी मोजून केलं नव्हतं. तांदूळ ओंजळीच्या अंदाजानं, मीठ मुठीच्या, आणि पाणी बोट बुडवून. पोरं जेवून उठली की हंड्यात फार उरायचंही नाही आणि कुणाचं ताट रिकामंही राहायचं नाही. हीच बाई घरी आली की एका पोरीच्या भाकरीसाठी तराजू घेऊन बसायची. पीठ जरा जास्त पडलं तर चिमटीनं काढायची, पुन्हा काट्याकडं बघायची. नवरा परसू साड्या विणायच्या मागावरून उठून पाणी प्यायला आला की म्हणायचा, "सोनं तोलतीस काय गं?"

तोलणं भागच होतं. पोरगी प्रियदर्शनी, घरात प्रिया, कुस्ती खेळायची. आठवीत असताना तिला साखरेचा आजार झाला. म्हाताऱ्यांना होतो तसला नव्हे. पोरीच्या अंगात इन्सुलिन तयार व्हायचंच बंद झालं होतं. त्या वेळी चार दिवसांत ती वाळून काडी झाली होती, आणि दवाखान्यात नेईपर्यंत घरच्यांना वाटत होतं, नजर लागली. तेव्हापासून रोज इंजेक्शन, जेवणाआधी आणि झोपताना, जन्मभर. परसूनं त्याच दिवशी मनात कुस्तीवर पाणी सोडलं होतं. पण डॉक्टर म्हणाले, "खेळू दे तिला. फक्त खाणं, इंजेक्शन आणि खेळ, या तिघांनी एकमेकांचा हात सोडायचा नाही."

तो हात धरून ठेवायचं काम बायाक्काकडं आलं.

पोरींची तालीम रचना मॅडम चालवायच्या. मूळच्या निपाणीच्या, एके काळी स्वतः मैदानं गाजवलेल्या. त्यांच्याकडं एक दिवस वजनं उचलायचा, जोर-बैठकांचा, आणि दुसरा दिवस पळायचा. पळायच्या दिवशी प्रियाची साखर खाली यायची. पळतानाच नव्हे, घरी येऊन बसल्यावरही ती उतरतच राहायची. वजनाच्या दिवशी उलटं, कधी कधी घाम पुसेपर्यंत साखर वर चढलेली असायची. म्हणून पळायच्या दिवशी जायच्या आधी जोंधळ्याची भाकरी आणि केळ, आल्यावर उप्पिट नाहीतर दूधभात. वजनाच्या दिवशी भाकरी कमी, आणि अंडी, मटकीची उसळ, दही, रविवारी कोंबडी. हे सगळं बायाक्का ठेचकाळत शिकली. एकदा मॅडमनी ऐन वेळी दिवस बदलला आणि वजनाच्या दिवसाचं खाऊन पोरगी पळायला गेली, ती मैदानाच्या फाटकाजवळ कोसळली. त्या दिवसापासून बायाक्कानं एक गोष्ट काळजावर कोरून घेतली. प्रिया पडली की आधी तोंडात साखर घालायची, विचारणा मागनं. गुळाच्या पाण्याची बाटली तिच्या पिशवीत कायम असायची.

अशी तीन-चार वर्षं निघाली. मग निपाणीच्या निवड चाचणीची गोष्ट निघाली.

एका संध्याकाळी रचना मॅडम घरी आल्या. निवड झाली तर पोरगी क्रीडा हॉस्टेलला जाणार होती. तिथं चांगले वस्ताद, चांगली मॅट, आणि शिक्षणही तिथंच. "पण आक्का," मॅडम म्हणाल्या, "त्रेपन्न किलोच्या गटात चिकोडीकडची एक पोरगी हाय. खोटं कशाला बोलू, तिला पाडणं यंदा तरी प्रियाच्या हातात न्हाय. पन्नासात मैदान मोकळं हाय. आणि वय बघितलं तर हेच शेवटचं वर्ष."

"म्हंजे वजन उतरायचं?"

"हळूहळू. घाई न्हाय करायची. खाणं तुम्ही बघताय, म्हणून तुमच्याकडं आले."

बायाक्काला ते ऐकून ऊर भरून आल्यासारखं झालं. पोरीची कुस्ती आजवर मॅडमची होती, पोरीच्या अंगाची होती. आता त्यात तिचाही वाटा पडला होता. तिनं दुसऱ्या दिवसापासून कंबर कसली. फोडणीचं तेल थेंबावर आलं. शेंगदाण्याची चटणी फळीवर मागं गेली. रात्रीचा भात अर्ध्यावर आला. फक्त पळायच्या दिवसाची भाकरी तिला कमी करता येईना. तिला हात लावला की साखर पडणार, आणि भाकरी तशीच ठेवली की वजन अडणार. या दोन दगडांमध्ये ती बोट चेंगरल्यागत अडकली. सुरुवातीला वजन थोडं हललं आणि मग रुतून बसलं. प्रिया तालमीतून यायची ती तोंड पाडूनच. बायाक्का काही विचारायची नाही. पोरीच्या चपला दारात कशा पडतात यावरूनच तिला कळायचं, आजही काटा जागचा हलला नाही.

"मलाच जमंना झालंय," ती परसूला म्हणाली. "दीडशे पोरांचं पोट मला कळतंय, आणि पोटच्या पोरीचं कळंना."

आणि मग, चाचणी तोंडावर आली असताना, वजन दोर तुटलेल्या घागरीसारखं खाली गेलं. आज अर्धा किलो, दोन दिवसांनी आणखी. प्रिया दारातूनच ओरडली, "आई, उतरतंय!" बायाक्कानं हातातली पळी खाली ठेवून तिच्या तोंडावरून हात फिरवले आणि बोटं कानशिलावर मोडली. त्या दिवशी तिनं शेजारच्या अंबुबाईला सांगितलं, शाळेतल्या बाईंना सांगितलं, भाजीवालीलाही सांगितलं, "सगळं मी बसवलंय. काय कधी खायचं, किती खायचं, समदं."

परसूचा जीव मात्र मागावर लागेना. एकदा तो माग बंद करून स्वयंपाकघरात आला. "पोरीचं गाल बसलं गं. आन् सारखी पाणी पितीया. सकाळी भरलेली कळशी दुपारी रिकामी."

"उन्हाळा न्हवं का. पळणाऱ्या पोरीला पाणी लागतंयच."

"कालच्याला मला खेकसली. कवा असं बोलत न्हवती."

"उपाशी पोटाचा राग आसतोय तो. चाचणी झाली की जाईल."

"शुगर बघती न्हवं?"

"बघती की. रोज मला सांगती."

सांगायची हे खरं होतं. बायाक्का चुलीपाशी असायची आणि प्रिया आतल्या खोलीतून आकडा ओरडून सांगायची. चांगले आकडे असायचे. इतके चांगले आकडे पूर्वी कधी आले नव्हते, आणि बायाक्काला त्याचाही अभिमानच वाटला होता.

चाचणीच्या दिवशी मायलेकी पहाटेच्या बसनं निपाणीला निघाल्या. मॅडम आदल्या दिवशीच पुढं गेल्या होत्या. परसूला साड्यांची खेप पुरी करायची होती, तो मागून येणार होता. वजन झाल्यावर खायला म्हणून बायाक्कानं डबा भरून घेतला होता. भाकरी, अंडी, दहीभात, केळी, सगळं जिथल्या तिथं. वजन होईपर्यंत प्रिया कशालाच शिवणार नव्हती. तिचे ओठ फुटले होते. ती आईच्या खांद्यावर डोकं टाकून बसली आणि संकेश्वर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. तिचा श्वास खोल आणि भराभर चालला होता, एखादी टेकडी चढून आल्यासारखा. त्या श्वासाला वास येत होता. पिकून उतरलेल्या पेरूसारखा, गोडसर, नको वाटणारा. हा वास आपण कुठं तरी घेतलाय असं बायाक्काच्या मनात आलं. तेवढ्यात बसमध्ये गर्दी चढली, कुणीतरी पायावर पाय दिला, आणि तो विचार तसाच राहिला.

चाचणीच्या हॉलमध्ये पोरींची रांग लागली होती. प्रियाचं नाव पुकारलं तेव्हा ती भिंतीला हात लावत गेली. काट्यावर उभी राहिली. बायाक्का दाराच्या जाळीतून बघत होती. काटा पन्नासच्या आत थांबला. रचना मॅडमनी हात वर करून मूठ दाखवली. बायाक्काच्या डोळ्यांपुढं हॉल धूसर झाला. तिनं पदरानं डोळे पुसले आणि परत बघितलं तर काट्यावर दुसरीच पोरगी उभी होती.

प्रिया मागच्या बाजूला नळापाशी होती. गुडघ्यावर बसून ओकत होती. पोटात काही नव्हतंच, नुसतं हिरवं पाणी पडत होतं.

"प्रिया! ए प्रिया!"

पोरीनं वर बघितलं. नजर ठरत नव्हती. बायाक्काचे हात आपोआप पिशवीत गेले. काल पळायचा दिवस होता, अंगावर दोन-दोन कपडे चढवून पळालेली पोर, आणि पोटात अन्नाचा कण नाही. साखर पडली होती, दुसरं काय असणार! तिनं गुळाच्या पाण्याची बाटली उघडली, पोरीची मान डाव्या हातावर घेतली आणि बाटली तोंडाला लावली.

प्रियानं दात आवळून धरले.

"तोंड उघड गं माझे आई. घोटभर घे."

प्रियानं मान फिरवली. बायाक्कानं तिची हनुवटी घट्ट धरली. गुळाचं पाणी पोरीच्या गळ्यावरून खाली ओघळलं. प्रियानं होता नव्हता तो जोर एकवटून बाटली ढकलली. बाटली लांब जाऊन पडली.

"साखर नको, आई."

"पडशील गं!"

"साखर पडल्याली न्हाय. चढल्याली हाय." ती धापा टाकत होती. "म्या इंजेक्शन घेतलं न्हाय."

"आज?"

"आज न्हाय. काल न्हाय. त्याच्या आधी निम्मंच घेत हुते." तिनं डोळे मिटले. "त्यानं वजन उतरतंय."

बायाक्काला शब्द ऐकू आले, पण त्यांचा अर्थ उतरायला वेळ लागला. आणि मग तो वास कुठला ते आठवलं. आठवीतली पोर, काडी झालेली, दवाखान्याच्या बाकड्यावर आपल्या मांडीवर घेतलेली, तिच्या तोंडाचा वास. तिनं अशी किंकाळी फोडली की हॉलमधला गलका थांबला.

मॅडम धावत आल्या. साखर बघायचं मशीन प्रियाच्याच पिशवीत होतं. त्यावर आकडा आलाच नाही, नुसती दोन इंग्रजी अक्षरं उमटली. मोजमापाच्या पार वर गेलेली साखर. रिक्षातून जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, नर्सला कानडीतून भराभर काहीतरी सांगितलं, आणि बायाक्काकडं वळून म्हणाले, "रक्तात आम्ल झालंय. इथं थांबवून चालणार नाही. बेळगावला मोठ्या दवाखान्यात न्या, ॲम्ब्युलन्स सांगितलीय."

हायवेवरनं ॲम्ब्युलन्स धावत होती. पहाटे जिथनं आलो तोच रस्ता. बायाक्का पोरीचा थंड पाय हातात धरून बसली होती. मॅडम तिला सारखं हलवत होत्या, "प्रिया, डोळे उघड, माझ्याशी बोल." प्रिया एकदा काहीतरी पुटपुटली, मग तेही बंद झालं. बायाक्काला यल्लम्मा आठवेना, ज्योतिबा आठवेना. कुणाची आळवणी करायची तेच सुचेना. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आपण हे गूळ-पाणी हिच्या घशात ओतलं असतं. अजून एक घोट जरी गेला असता.

बेळगावच्या दवाखान्यात पोरीला आत नेलं आणि काचेचं दार लागलं. परसू आला तो डोक्यात सुताचा कोंडा घेऊनच. बायको भिंतीला टेकून खाली बसली होती, तिच्याशेजारी तोही बसला. समोर रचना मॅडम उभ्या होत्या.

बायाक्का एकदम उठली. "तुमचं पन्नास किलो झालं न्हवं, मॅडम? झालं न्हवं? न्या की आता हॉस्टेलला!"

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. "आक्का, मला ठावं असतं तर मी तिला मॅटवर पाय ठेवू दिला नसता."

"ठावं मलाबी न्हवतं," बायाक्का म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "आन् मी तिची आई हाय."

परसूनं बायकोला हाताला धरून खाली बसवलं. मॅडम गेल्या नाहीत. सारा दिवस त्या कॉरिडॉरमध्ये उभ्याच राहिल्या, आणि संध्याकाळी डॉक्टर बाहेर येऊन "आता धोका कमी झालाय, पण बघू" म्हणाले, तेव्हा भिंतीकडं तोंड करून रडल्या.

दुसऱ्या दिवशी प्रिया बोलायला लागली. हाताला नळ्या होत्या, आवाज घोगरा झाला होता. बायाक्कानं किती तरी वेळ तोंडावर आलेला प्रश्न गिळला होता, शेवटी तो निसटलाच. "मला सांगायचं न्हवतंस व्हय गं? वजन उतरंना तर उतरंना. मी काय म्हणलं असतं?"

प्रिया छताकडं बघत म्हणाली, "पयल्यांदा एकदा चुकून राहिलं. तालमीच्या गडबडीत. दुसऱ्या दिवशी वजन कमी आलं. वजन उतरलं म्हणून तुला सांगितलं, तर तू माझ्या तोंडावरनं हात फिरवलास. सगळ्या गल्लीला सांगत सुटलीस, मी बसवलंय म्हणून. किती खूश झालतीस तू." तिनं पुढं म्हटलं, "मग मला थांबता यीना."

बायाक्का बाहेर आली आणि जिन्याच्या कोपऱ्यात उभी राहून तिनं तोंडात पदराचा बोळा कोंबला.

निवड गेली ती गेलीच. घरी आल्यावर बायाक्कानं शाळेत रजा टाकली. इंजेक्शन ती स्वतः बघू लागली. सुई आत गेली की नाही, औषध उतरलं की नाही, डोळे बारीक करून बघायची. बोट टोचताना मशीन आपल्याकडं ओढून घ्यायची. प्रिया खोलीत गेली की दाराशी उभी राहायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तालीम हळूहळू सुरू करायला हरकत नाही, पण वजन उतरवणं या पोरीसाठी कायमचं बंद. मनाच्या डॉक्टरीणबाईंकडंही पाठवलं होतं. तिथं प्रिया काय बोलते ते बायाक्काला कळत नव्हतं, आणि ते न कळणं तिला आतून कुरतडत होतं.

रचना मॅडम एकदा येऊन परसूपुढं हात जोडून बसल्या. परसू म्हणाला, "खेळू दे. पण जेवढं वजन हाय तेवढ्यातच."

पहिल्याच दिवशी प्रियाला तिच्याहून लहान पोरीनं चितपट केलं. तो पळायचाही दिवस होता. पोरगी घरी आली ती कुणाशी न बोलता न्हाणीत गेली, बाहेर येऊन आईसमोर इंजेक्शन घेतलं आणि ताटावर बसली. बायाक्कानं भाकरी, डाळ आणि दूधभात वाढला आणि नेहमीसारखी समोर बसली. प्रियानं ताटाला हात लावला नाही.

"खा गं."

प्रियानं ताट जरा मागं सारलं.

"इंजेक्शन घेतलंयस. आता खायाच पायजे. पळून आलीयस, साखर पडायला लागली आसंल." बायाक्काला स्वतःचा आवाज चढलेला ऐकू येत होता. "प्रिया, आईकतीस का? एक घास तरी खा."

"भूक न्हाय."

"भुकेचा काय संबंध!"

माग थांबला. परसू दारात येऊन उभा राहिला. बायाक्कानं भाकरीचा तुकडा मोडला, डाळीत बुडवला आणि पोरीच्या तोंडासमोर धरला. प्रियानं निपाणीत फिरवली होती तशीच मान फिरवली. तिथं घोट न घेतल्यानं पोरगी वाचली होती. आज न खाल्लं तर आपल्या डोळ्यांदेखत पडणार होती. बायाक्काचा धीर सुटला. तिनं तो घास ताटात टाकला, दोन्ही हातांनी कपाळ धरलं आणि मोठ्यानं रडायला लागली. "काय करू मी? सांग की गं. काय करू? दिलं तरी मीच तुला मारतीया, न्हाय दिलं तरी मीच मारतीया. मला न्हाय कळत आता. मला खरंच न्हाय कळत."

प्रियानं आईला असं रडताना कधी बघितलं नव्हतं. ती घाबरली. मग दबल्या आवाजात म्हणाली, "तू समोर बसून बघत बसतीस, आई. घास मोजतीस. परीक्षेला बसल्यागत वाटतंय मला. घशाखाली उतरंना."

"मग काय करू? जाऊ भाईर?"

"जाऊ नको." तिनं नाक ओढलं. "जेव माझ्यासंगट."

बायाक्का जागची हलली नाही. आजवर ती सगळ्यांचं झाल्यावर चुलीपाशी उकिडवी बसून जेवत आली होती. परसूच पुढं झाला. त्यानं फळीवरची दोन ताटं काढली, भाकरीच्या टोपलीतल्या दोन भाकरी घेतल्या, डाळ वाढली, तीही सांडत सांडत, आणि एक ताट बायकोपुढं सरकवून दुसरं घेऊन पोरीच्या शेजारी मांडी घालून बसला.

"मीठ कमी हाय," पहिल्या घासाला तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. बायाक्कानं एक घास तोंडात घातला. तो चावता चावता तिनं मोठ्या कष्टानं नजर आपल्या ताटात ठेवली. शेजारी भाकरी मोडल्याचा आवाज आला. मग थोड्या वेळानं पुन्हा आला. पोरीनं किती खाल्लं ते तिनं बघितलं नाही. बघावंसं इतकं वाटत होतं की मानेच्या शिरा दुखायला लागल्या.

प्रिया मधेच थांबली. "हात कापाय लागलेत," ती म्हणाली, "मला वाईच गूळ दे."

ती आपणहून बोलली होती. बायाक्का उठली. गुळाचा डबा काढताना झाकण तिच्या हातून दोनदा निसटलं.